1 एप्रिल अधिक 120 दिवस

आमचं सीएंचं ऑफिस सांगलीत, गावभागाजवळ. मी तिथे अकाउंट्स बघते आणि कॉम्प्युटरचंही बघते. हे दुसरं काम मला कोणी दिलेलं नाही, ते हळूहळू अंगावर आलं. 2024 च्या जुलैत आमच्या सर्व्हरचं जे झालं तेच पुढे ओळखीच्या आणखी एका ऑफिसात झालं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी सर्व्हर पुण्याला का गेला ते सांगते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं ऑफिस तेव्हा तळमजल्यावर होतं. सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा एक मोठा पीसी, आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात. दोन्ही गेलं. पूरग्रस्त जिल्ह्यांना जीएसटीची मुदत वाढवून मिळाली म्हणून निभावलं. 2021 च्या पुराआधी आम्ही वरच्या मजल्यावर आलो होतो. डेटा कोरडा राहिला, पण लाईट नव्हती आणि ऑफिसपर्यंत पोचायला रस्ता नव्हता. मशीन शाबूत असून उपयोग काही नाही.

मग आमच्या सीए सरांनी ठरवलं की सर्व्हर सांगलीत ठेवायचाच नाही. स्वतःचा सर्व्हर घ्यायचा, पुण्यात एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकमध्ये ठेवायचा आणि सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करायचं. टॅली, इन्कम टॅक्सचं सॉफ्टवेअर, क्लायंटच्या फायली, सगळं तिकडे. आर्टिकलची, म्हणजे सीएची उमेदवारी करणारी, मुलं पावसात अडकली तरी घरून काम करतील. नव्या वर्षाची पुस्तकं नव्या मशीनवर, म्हणून 1 एप्रिल 2024 हा दिवस धरला.

हे काम सरांच्या ओळखीतल्या एका व्हेंडरने घेतलं. कोटेशन माझ्याकडेच आलं होतं. त्यात विंडोज सर्व्हर 2022 स्टँडर्ड होतं, विंडोज सर्व्हर कॅल 15 होते, मग रिमोट डेस्कटॉप कॉन्फिगरेशन म्हणून एक रक्कम आणि शेवटी वर्षाच्या देखभालीचा करार, म्हणजे एएमसी. कॅल म्हणजे सर्व्हर वापरण्याची माणशी परवानगी, एवढं त्याने सांगितलं. मी विचारलं, आमची पंधरा माणसं एकाच वेळी बसू शकतील ना? तो म्हणाला, "हो मॅडम, म्हणूनच पंधरा कॅल धरलेत." माझ्या प्रश्नाचं हे सरळ उत्तर होतं. त्यावर पुढे विचारायला मला काही उरलं नाही.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने करून घेतली. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आमच्याकडे हवा. व्हेंडर म्हणत होता, "तुम्हाला कशाला मॅडम, काही लागलं तर मी आहे ना." सरांनी त्याचं पेमेंट तिथे थांबवलं, तेव्हा मिळाला. तो लिहून, पाकीट चिकटवून, सरांच्या कपाटात ठेवला. वापरायची वेळ येईल असं वाटत नव्हतं.

एप्रिल ते जुलै मस्त चाललं. जतला घरी गेलेला आमचा आर्टिकल तिथून रिटर्न तयार करत होता. एक मुलगी बाळंतपणानंतर घरून अर्धा दिवस काम करायला लागली. प्रिंटर अधूनमधून नखरे करायचा, पण ती कुरकुर कुठल्या ऑफिसात नसते.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कृष्णेला पाणी चढायला लागलं. सांगलीत पाणी वाढलं की माणसं दिवसातून चार वेळा पुलावरचा आकडा विचारतात. सरांनी निम्म्या मुलांना घरून बसायला सांगितलं. 31 जुलै ही रिटर्नची शेवटची तारीख. त्या वर्षी आणखी एक भानगड होती. नवी कररचना आपोआप लागू होणार होती. पगारदार माणसाला जुनी हवी असेल तर त्याने 31 जुलैच्या आतच रिटर्न भरायला हवं होतं. उशीर झाला तर पाच हजारांपर्यंत लेट फी, आणि वर जुनी रचनाही हातची जाणार. गृहकर्ज आणि विमा दाखवणाऱ्या शिक्षकांचे, बँकवाल्यांचे बरेच रिटर्न आमच्याकडे शिल्लक होते.

30 जुलैला, मंगळवारी, सकाळी मी ऑफिसात पोचून कनेक्ट केलं तर खिडकी उघडलीच नाही. इंग्रजीत एक चौकोन आला. लायसन्स देऊ शकेल असा रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही, म्हणून सेशन बंद केलं आहे, असा त्याचा अर्थ. पुन्हा केलं, तेच. शेजारच्या पीसीवर तेच. तेवढ्यात घरून बसलेल्यांचे फोन सुरू झाले. पहिला संशय अर्थातच पावसावर आणि इंटरनेटवर गेला. पण नेट चालू होतं, इन्कम टॅक्सचं पोर्टल उघडत होतं.

गंमत म्हणजे जतवाल्या आर्टिकलचं व्यवस्थित चालू होतं. तो पहाटेच कनेक्ट होऊन बसला होता. जे आत होते ते आतच राहिले, नव्याने कोणाला शिरता येईना. त्याला फोन करून सांगितलं, काही झालं तरी लॉगआउट करू नकोस, लॅपटॉपचं झाकण मिटू नकोस, चार्जर लावून ठेव. तो बिचारा विचारत होता, "मॅडम, जेवायला उठू का?"

व्हेंडरने फोन उचलायला वेळ लावला. उचलल्यावर म्हणाला, राउटर बंद करून चालू करा. केला. मग म्हणाला, विंडोज अपडेट आला असेल, तासाभरात बघतो. त्याच्या बोलण्यात घाई कुठेच दिसेना, आणि इकडे माझ्या पोटात गोळा आलेला.

माझा मावसभाऊ पुण्यात एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. त्याला त्या स्क्रीनचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत त्याचा फोन.

"ताई, हा सर्व्हर बसवला कधी?"

"1 एप्रिलला."

तो जरा थांबला. "1 एप्रिल अधिक 120 दिवस म्हणजे 30 जुलै. आज बरोबर मुदत संपली."

मग त्याने समजावलं ते असं. विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपची सेवा बसवली की तिची वेगळी लायसन्स नोंदवायला 120 दिवसांची सवलत मिळते. त्या काळात कितीही माणसं जोडा, सर्व्हर काही बोलत नाही. मुदत संपली की तो नव्या कनेक्शनला लायसन्स मागतो, आणि नसेल तर दार बंद.

"पण आमच्याकडे पंधरा कॅल आहेत रे. बिलावर आहेत."

"ते साधे सर्व्हर कॅल. ते लागतातच, वाया गेलेले नाहीत. पण सर्व्हरच्या डेस्कटॉपवर बसून काम करायचं तर त्यावर आरडीएस कॅल, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे कॅल, वेगळे घ्यावे लागतात. जत्रेत शिरायचं तिकीट वेगळं आणि पाळण्यात बसायचं वेगळं. तुमच्याकडे पाळण्याचं नाही."

साध्या कॅलची गंमत अशी की ते सर्व्हरमध्ये कुठे भरावे लागत नाहीत. तो फक्त कागद असतो. ते कमी असले तरी सर्व्हर अडवत नाही. आरडीएस कॅल मात्र खरोखर नोंदवावे लागतात, आणि ते वाटायला सर्व्हरवरच एक लायसन्सिंगची सेवा चालू असावी लागते. आमच्याकडे ती बसवलेलीच नव्हती.

आत कसं शिरायचं तेही त्यानेच सांगितलं. "रन उघड. एमएसटीएससी लिही, मग स्पेस, तिरकी रेघ, ॲडमिन." या मार्गाने ॲडमिनला आत जाता येतं, त्याला आरडीएस कॅल लागत नाही. सरांच्या कपाटातलं पाकीट फोडलं आणि आत गेले. डेटा सगळा जागच्या जागी होता. तेव्हा कुठे मी पाणी प्यायले.

आत गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे उजव्या कोपऱ्यातली सूचना, लायसन्सबद्दलचीच. भाऊ म्हणाला की ही पहिल्या दिवसापासून येते. आणखी इतक्या दिवसांनी सेवा बंद पडेल, असा आकडा रोज कमी होत जातो, पण ती फक्त ॲडमिनला दिसते. आम्ही साधे यूजर, आम्हाला ती कधीच दिसली नाही. व्हेंडरचा माणूस एएमसीसाठी दर महिन्याला ॲडमिन म्हणूनच लॉगिन करत होता.

एका आर्टिकलने लगेच डोकं चालवलं. ॲडमिनच्या रस्त्याने एका वेळी दोघांना जाता येतं ना, मग आळीपाळीने दोघं दोघं बसू. भाऊ नको म्हणाला. ती दोन सेशन सर्व्हर सांभाळण्यासाठी दिलेली असतात, रिटर्न भरण्यासाठी नाहीत. आणि पोरांच्या हातात ॲडमिनचा पासवर्ड देणं हा वेगळाच धोका. मी ॲडमिनच्या सेशनमधून एवढंच केलं की बॅकअप घेतला आणि तयार होऊन पडलेल्या रिटर्नच्या जेसन फायली ऑफिसच्या पीसीवर उतरवल्या. अपलोड पोर्टलवर ब्राउझरमधून होतो, त्याला सर्व्हर लागत नाही. म्हणजे ज्यांचं गणित झालं होतं त्यांचे रिटर्न दुपारी जायला लागले. अर्धवट होते त्यातले तातडीचे जतला. तो एकटा आत होता, त्याला आम्ही फोनवरून नावं सांगत होतो.

दुपारी व्हेंडर स्वतः आला, ओलाचिंब. मला वाटलं भांडण होईल, पण तो हसतच होता.

"मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे. तो टायमर मागे नेतो. चार महिने बघायला नको."

"आणि चार महिन्यांनी?"

"परत नेऊ. माझे सगळे क्लायंट असेच चालतात."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. सर्व्हरच्या आत मुदतीची जी नोंद असते ती काढून टाकायची, की 120 दिवस पुन्हा पहिल्यापासून. हे तो वर्षानुवर्षं करत होता, आणि आमची तारीख फक्त त्याच्या लक्षातून निसटली होती. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्या सहीवर बँका कर्ज देतात. हे इथे चालणार नाही." कॉपीराइट कायद्यात 63ब कलम आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड, असं ते आहे. टायमर मागे नेणं त्यात बसतं की नाही यावर वकील वाद घालतील, पण तो वाद मला कोर्टात ऐकायचा नाही, असं सर म्हणाले. 31 जुलै डोक्यावर असताना हे म्हणणं सोपं नव्हतं. खरं सांगायचं तर, मला क्षणभर वाटलं होतं की आजच्या दिवस करू द्यावं.

मग व्हेंडरने दुसरा तोडगा काढला. त्याच्याकडे कुठल्याशा जुन्या ऑर्डरमधले 2019 चे आरडीएस कॅल पडून होते, ते निम्म्या किमतीत देतो म्हणाला. भावाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, कॅल सर्व्हरच्या आवृत्तीचे किंवा त्याहून नवे लागतात. 2022 चे कॅल 2019 च्या सर्व्हरला चालतील, पण 2019 चे कॅल 2022 च्या सर्व्हरला चालत नाहीत. म्हणजे ते फुकट मिळाले असते तरी आमच्या कामाचे नव्हते. ऑनलाइन काही शे रुपयांत पन्नास कॅलची की मिळते, अशाही जाहिराती आर्टिकलनी शोधून काढल्या. कुठल्या तरी कंपनीच्या करारातली की फोडून विकलेली असते ती. बिल मिळत नाही, मिळालं तरी लायसन्स आपल्या नावावर नसतं.

शेवटी पुण्यातल्या एका अधिकृत विक्रेत्याला भावाने गाठून दिलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, यूजर कॅल की डिव्हाइस कॅल? आमचा व्हेंडर मागून म्हणाला, यूजर घ्या, पंधरा माणसं आहेत. इथे भावाने जे सांगितलं ते मी जाड अक्षरांत लिहून ठेवलंय.

"ताई, तुमचा सर्व्हर डोमेनमध्ये आहे का वर्कग्रुपमध्ये?"

आमच्याकडे डोमेन वगैरे काही नव्हतं, सर्व्हर एकटाच होता. अशा एकट्या सर्व्हरवर, 2019 पासूनच्या आवृत्त्यांमध्ये, यूजर कॅलची पद्धत लावली की लायसन्स भरलेलं असूनही स्क्रीनवर सूचना येते की साठ मिनिटांत सेशन बंद होईल. आणि खरंच बंद होतं. दर तासाला. यूजर कॅलचा हिशोब डोमेनच्या यूजर यादीवर ठेवला जातो, वर्कग्रुपमध्ये ती यादीच नसते. त्या गडबडीत डोमेन उभारणं म्हणजे वेडेपणा होता. म्हणून डिव्हाइस कॅल.

आता मोजायची माणसं नव्हे, मशिनं. ऑफिसातले पीसी सकाळ-संध्याकाळ दोन आर्टिकल वापरतात, तिथे डिव्हाइस कॅल फायद्याचा पडतो. पण ज्याच्याकडे ऑफिसचा पीसी आणि घरचा लॅपटॉप दोन्ही, त्याचे दोन जातात. आमचा हिशोब 20 वर आला. किंमत ऐकून सर काही वेळ गप्प होते. विंडोज सर्व्हरच्या मूळ लायसन्सपेक्षा हे वीस कॅल महाग पडले, वर 18 टक्के जीएसटी. पण हा आकडा मार्चमध्ये कोटेशनवर असता तर आम्ही तेव्हाच पुरा विचार केला असता. कदाचित दुसरा मार्ग धरला असता.

संध्याकाळी की ईमेलवर आली. ती भरणं हे मी भावाच्या फोनवरच्या सांगण्यावरून केलं, व्हेंडर मागे खुर्चीत बसून होता. आधी सर्व्हरवर लायसन्सिंगची सेवा बसवली. मग लायसन्सिंग मॅनेजर उघडून सर्व्हर ॲक्टिव्हेट केला. त्यात नाव, फर्मचं नाव आणि देश विचारतात आणि इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टकडे नोंद होते. मग की टाकून कॅल भरले. यादीत विंडोज सर्व्हर 2022, पर डिव्हाइस, एकूण 20, असं दिसलं. मी टाळी वाजवली. बाहेरून कनेक्ट करून बघितलं, तर तोच चौकोन.

भाऊ म्हणाला, आता लायसन्सिंग डायग्नोझर उघड. तिथे पिवळा त्रिकोण होता. लायसन्सची पद्धत ठरवलेली नाही आणि लायसन्स सर्व्हरचं नाव दिलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. कॅल आणून ठेवले, पण कुठून घ्यायचे ते रिमोट डेस्कटॉपला कोणी सांगितलंच नव्हतं. लोकल ग्रुप पॉलिसीमध्ये दोन ठिकाणी ते भरलं. एका ठिकाणी लायसन्स सर्व्हर म्हणून याच मशिनचं नाव, दुसऱ्या ठिकाणी पर डिव्हाइस. जतवाल्याला फायली सेव्ह करायला लावल्या, इतक्या वेळाने त्याला लॉगआउटची परवानगी दिली आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. त्या चार मिनिटांत कोणी बोललं नाही. मग डायग्नोझरमधला त्रिकोण गेला, उपलब्ध लायसन्स 20 दिसले, आणि मुलं एकामागून एक आत यायला लागली.

फक्त एका जुन्या लॅपटॉपवर वेगळीच चूक येत होती. त्यावर पूर्वीच्या कुठल्या ऑफिसातली लायसन्सची जुनी नोंद बसली होती. ती काढून रिमोट डेस्कटॉप एकदा रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून उघडला, तेव्हा नवी नोंद झाली. त्या रात्री ऑफिस उशिरापर्यंत उघडं होतं. 31 तारखेला सगळे रिटर्न गेले, एक क्लायंट सोडून, आणि त्याने आम्हाला फॉर्म 16 च संध्याकाळी आणून दिला होता.

त्याच रात्री भावाने आणखी एक गोष्ट दाखवली. ती मला लायसन्सपेक्षा भयंकर वाटली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटीचा लॉग उघडायला लावला आणि 4625 या नंबरच्या नोंदी शोधायला सांगितल्या. 4625 म्हणजे फसलेलं लॉगिन. पानंच्या पानं भरलेली. दर काही सेकंदांनी एक. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, अकाउंट्स, टॅली अशी नावं टाकून जगातलं कोणीतरी रात्रंदिवस आमचं दार ठोठावत होतं. कारण व्हेंडरने 3389 हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट इंटरनेटवर तसाच उघडा ठेवला होता. पंधरा माणसांचे पासवर्ड, त्यातले दोघांचे स्वतःच्या नावापुढे 123. क्लायंटचे पॅन, बँक खाती, सगळं त्या मशिनवर. मला झोप आली नाही.

ऑगस्टमध्ये ते नीट करून घेतलं. डेटा सेंटरच्या फायरवॉलवर 3389 बाहेरून बंद. आधी व्हीपीएन, त्याला मोबाइलवरचा कोड, मगच रिमोट डेस्कटॉप. ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खातं काही वेळ लॉक. सॉफ्टवेअर नीट चालावं म्हणून व्हेंडरने सगळ्या मुलांना ॲडमिनचे अधिकार देऊन ठेवले होते, ते काढले. दोन सॉफ्टवेअर त्यावर रुसली, तेव्हा त्यांच्या फोल्डरपुरते अधिकार दिले. त्यानंतर तो लॉग एकदम ओस पडला.

मी स्वतः आता बारीकसारीक कामासाठी सर्व्हरच्या डेस्कटॉपवर जात नाही. व्हीपीएन लावून ब्राउझरमधून विंडोज ॲडमिन सेंटर उघडते. डिस्क किती भरली, कुठली सेवा बंद पडली, ते तिथून दिसतं. सर्व्हर रेंगाळायला लागला तर क्वेरी यूजर ही कमांड देते. कोण कोण आत आहे आणि कोण फुलीवर क्लिक करून निघून गेलंय ते कळतं. फुली मारली की माणूस बाहेर येतो पण त्याची टॅली आत चालूच राहते आणि मेमरी खात बसते. साइन आउट करा, हे मी मुलांना सांगून सांगून दमले. शेवटी दोन तास रिकामं पडलेलं सेशन आपोआप बंद व्हावं अशी सेटिंग केली. पहिल्या आठवड्यात बोंबाबोंब झाली, आता कोणी काही म्हणत नाही.

डिव्हाइस कॅलचाही एक धडा पुढे मिळाला. कुठलंही नवं मशीन पहिल्यांदा जोडलं की त्याला 90 दिवसांचं तात्पुरतं लायसन्स मिळतं, आणि पुढच्या वेळी लॉगिन झालं की विसातलं एक पक्कं त्याच्या नावावर जातं. सप्टेंबरमध्ये बघते तर आमच्या मोजणीत नसलेल्या दोन मशिनांकडे कॅल गेलेले. शोधलं तर एक सरांचा फोन आणि एक त्यांचा आयपॅड. सरांनी दोन्हीवर ॲप टाकून मुंबईच्या गाडीत बसून बॅलन्स शीट बघितला होता. दिलेलं लायसन्स परत घेता येतं, पण एकूण कॅलच्या 20 टक्क्यांपर्यंतच, म्हणजे आमच्याकडे एका वेळी चार. नाहीतर त्याची मुदत 52 ते 89 दिवसांत कधीतरी संपते तोवर थांबायचं. सरांचे दोन्ही परत घेतले. सरांना सांगताना जरा अवघड गेलं, पण सांगितलं.

व्हेंडरची एएमसी आम्ही वर्ष संपल्यावर पुढे चालवली नाही. वाईट माणूस नव्हता तो. मध्यरात्री फोन केला तरी लगेच उचलायचा, त्या एका सकाळचा अपवाद सोडून. पण कोटेशन कमी दिसावं म्हणून आरडीएस कॅल गाळायचे आणि चार-चार महिन्यांनी टायमर मागे न्यायचा, ही त्याची रीतच होती, आणि क्लायंटला ती कधी सांगायचीच नाही. ज्या ऑफिसचं सुरुवातीला लिहिलं तिथे हीच रीत होती. त्यांचं दार पगाराच्या दिवशी बंद झालं.

स्वतःचा सर्व्हर न घेता महिन्याच्या भाड्याने घेतला असेल तर हिशोब वेगळा असतो. तिथे रिमोट डेस्कटॉपची माणशी फी पुरवणारा दरमहा लावतो, आपण कॅल विकत घेत नाही. पण ती फी बिलात वेगळी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर विचारा.

आणि स्वतःचा असेल तर सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपची सेवा कधी बसवली ती तारीख काढा, त्यात 120 मिळवा. मग ज्याच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड आहे त्याला तुमच्यासमोर लायसन्सिंग डायग्नोझर उघडायला लावा. पुढचं कोटेशन घ्याल तेव्हा त्यावर आरडीएस कॅल हे शब्द, आवृत्तीचं साल, यूजर की डिव्हाइस, आणि लायसन्स तुमच्या फर्मच्या नावावर, एवढं छापून घ्या. तोंडी "हो मॅडम" वर पैसे देऊ नका.